बुल्स, मडकॅट्स आणि नानांची वही: आमचा एक बेसबॉलचा सीझन

ओसरी
नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचनमात्र असते, पाककृतींच्या धाग्यावर कधीमधी दोन ओळी टाकते तेवढंच. पण २०२५ चा उन्हाळा आमच्या घरात असा काही गेला की कुठेतरी लिहून ठेवलं नाही तर पोटात दुखेल.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला राहतो. माझे वडील, म्हणजे नाना, एसटीत होते, आधी कंडक्टर आणि नंतर कराड स्टँडवर कंट्रोलर. एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी आले. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून एकटेच आहेत. आल्यावर पहिले आठ दिवस गॅलरीत बसून समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या मोजायचे. खरंच मोजायचे, वहीत, रंगाप्रमाणे. मला काय करावं सुचेना. ऑफिसमधल्या एकाने चार तिकिटं आहेत म्हणून सांगितलं, डरहम बुल्सची, आणि मी विचार केला चला निदान उघड्या हवेत बसतील.

तर डरहम बुल्स ही टँपा बे रेज या मोठ्या टीमची ट्रिपल-ए टीम आहे, १९९८ पासून. म्हणजे मेजर लीगच्या, अमेरिकेतल्या सर्वात वरच्या बेसबॉल लीगच्या, बरोबर खालची पायरी. स्टेडियम डाउनटाउनात, जुन्या तंबाखूच्या कारखान्यांना लागून, ती लकी स्ट्राइक लिहिलेली चिमणी जवळच दिसते. डरहम हे गावच तंबाखूवर उभं राहिलेलं, टीमचं १९०२ सालचं पहिलं नावसुद्धा टोबॅकोनिस्ट्स होतं. नानांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, म्हणजे निपाणी. झालं, तेव्हापासून आमच्या घरात डरहमला निपाणी म्हणतात.

लेफ्ट फील्डला ३२ फूट उंच निळी भिंत आहे, तिला ब्लू मॉन्स्टर म्हणतात, आणि तिच्यावर एक मोठ्ठा लाकडी बैल. बुल्सच्या कोणी होमरन मारला, म्हणजे बॉल थेट भिंतीपलीकडे टोलवला, की बैलाचे डोळे लाल होतात, शेपटी हलते आणि नाकातून धूर येतो. मूळचा बैल १९८८ च्या एका सिनेमासाठी जुन्या मैदानावर बनवलेला, तो लोकांना इतका आवडला की नव्या मैदानावरही पाहिजेच झाला. त्याच्यावर लिहिलंय, बैलाला बॉल मारा आणि स्टेक जिंका, खालच्या गवताला मारा आणि सॅलड जिंका. नाना माळकरी. मी वाचून दाखवलं तर बराच वेळ काही बोललेच नाहीत आणि मग म्हणाले, "आगं, आमच्याकडं बेंदराला त्याला पुरणपोळी चारत्यात, आणि हितं त्यालाच मारायचं आणि वर त्याचंच मटण बक्षीस?" शेजारच्या बाईने काय म्हणाले विचारलं, मी भाषांतर केलं, ती इतकी हसली की हातातला नाचोचा डबा सांडला.

त्या दिवशी मॅच काय झाली ते मला कळलं नाही. नानांनाही नाही. पण घरी येताना गाडीत त्यांनी तीन प्रश्न विचारले, आणि आठ दिवसांत ते पहिलेच प्रश्न होते. पहिला, तो मागं बसलेला चिलखतवाला सारखा खाणाखुणा काय करतो. दुसरा, बॉल मारायचा नसेल तर माणूस बॅट घेऊन उभा कशाला राहतो. तिसरा, पुढची मॅच कधी.

(क्रमशः, पोळ्या करायच्यात)

बारा_गावचं_पाणी
वा! निपाणी वाचून फुटलो. पुढच्या भागाची वाट बघतोय.
आम्ही न्यू जर्सीत. इथे ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रिअट्स आहेत, २०२१ पासून यँकीजची डबल-ए. बालाजी मंदिरही त्याच गावात, त्यामुळे आमचा रविवार ठरलेला, आधी दर्शन, कँटीनमध्ये दोसा, मग दुपारची मॅच. कपाळाला गंध लावून यँकीजच्या टोप्या घातलेली पब्लिक बघायची असेल तर या.

खडूस_काका
धागा छान पण मूळ मुद्दा कळला नाही. दुय्यम दर्जाची मॅच पैसे देऊन बघायची कशाला? टीव्हीवर मेजर लीग दिसते की. उद्या कोणी म्हणेल मी आयपीएल सोडून जिल्हा निवड चाचणी बघायला जातो. हलके घ्या.

ओसरी
काका, हलकेच घेतलं. पण जिल्हा निवड चाचणी नाही हो. रणजी म्हणा फार तर, तेही बरोबर नाही बसत. रणजीत मुंबई मुंबईसाठी खेळते. इथे डरहमची टीम डरहमची नाहीच. खेळाडू टँपाचे, पगार टँपा देणार, कोच टँपाचे, कोणाला कुठे खेळवायचं ते टँपाहून ठरणार. डरहमकडे मैदान, बिअर, बैल आणि आम्ही.

आणि नानांना नेमकं हेच पहिल्यांदा पटलं नाही. मे महिन्यात आमच्या डोळ्यात भरलेला एक पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, होता, सलग दोन वेळा त्याला छान टाकताना बघितलेलं. तिसऱ्यांदा गेलो तर गायब. स्पीकरवर सांगितलं की याला रेजने वर बोलावलंय आणि सगळं पब्लिक टाळ्या वाजवायला लागलं. नाना बघतच राहिले. "आपला चांगला माणूस नेला आणि ह्ये टाळ्या काय वाजवत्यात?" बरं, त्याच आठवड्याच्या शेवटी तो परत आला. तेव्हाही टाळ्या. नाना म्हणाले ही बढती नव्हेच, ही तात्पुरती ड्युटी आहे, पाटणचा कंट्रोलर रजेवर गेला की कराडचा पाठवायचा तशी.

नंतर मी वाचून काढलं तर नाना जवळपास बरोबर होते. मेजर लीगच्या टीममध्ये २६ जण खेळायला आणि एकूण ४० जण करारात. त्या ४० मधल्या पोराला कोर्टकचेरी न करता खाली पाठवायची सोय म्हणजे ऑप्शन, ती साधारण तीन सीझन वापरता येते आणि एका सीझनमध्ये पाच वेळाच. म्हणजे एकच माणूस एका उन्हाळ्यात डरहम-टँपा-डरहम-टँपा करत असतो, बॅग कधी पूर्ण उघडतच नसेल.

रेघोट्या
पैशाचं सांगतो म्हणजे ही बदली ऑर्डर काय चीज आहे ते कळेल. २०२५ ला मेजर लीगचा किमान पगार ७,६०,००० डॉलर. तो दिवसागणिक मिळतो, म्हणजे जितके दिवस वर तितक्या दिवसांचा. ट्रिपल-एचा २०२३ च्या करारात ठरलेला किमान पगार वर्षाला ३५,८००. आणि हे सुद्धा आत्ता आत्ता, २०२२ ला मायनर लीगची पोरं युनियनमध्ये आली आणि मार्च २०२३ ला पहिला करार झाला तेव्हापासून. त्याच्या आधी किमान १७,५०० होता. सर्वात खालच्या कॉम्प्लेक्स लीगला तर ४,८०० होता, तो १९,८०० झाला. राहायची सोय टीमने करायची हा नियमसुद्धा २०२२ चा, त्याआधी एका अपार्टमेंटमध्ये सहा-सहा जण हवा भरायच्या गाद्यांवर.

पिवळा_डबा
ओसरी, खूप ओघवतं लिहिताय. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही तरी वाचतेय. ट्रिपल-ए, डबल-ए म्हणजे ए जितके जास्त तितकं चांगलं का? बॅटरीसारखं नाही ना?

ओसरी
@पिवळा_डबा, बॅटरीच्या बरोबर उलटं, हे छान लक्षात राहील :) खालून वर, कॉम्प्लेक्स, मग सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि मग मेजर. त्या उन्हाळ्यात आमच्या भागाची गंमत अशी होती की पश्चिमेला डरहममध्ये सर्वात वरची पायरी आणि पूर्वेला झेब्युलॉनमध्ये जवळजवळ सर्वात खालची, कॅरोलायना मडकॅट्स, मिलवॉकी ब्रुअर्सची सिंगल-ए. दोन्ही घरापासून तासाच्या आत. म्हणजे बालवाडी आणि बारावी एकाच रिक्षाच्या रूटवर.

आता वहीबद्दल. तिसऱ्या मॅचला नानांनी बघितलं की पुढच्या रांगेत एक आजोबा कागदावर पेन्सिलीने चौकोन भरतायत. नाना सरळ उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दोघांना एकमेकांचं इंग्रजी कळत नव्हतं, एकाचं सदर्न, एकाचं कराडचं. पण स्कोअरकार्ड शिकवायला भाषा लागत नाही. प्रत्येक जागेला नंबर, पिचर १, कॅचर (तोच मागचा चिलखतवाला) २, मग पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला) ६, मग बाहेरचे तिघे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने बॉल अडवून दुसऱ्या बेसला दिला, त्याने पहिल्याला, दोघं आउट, की लिहायचं ६-४-३. ज्या माणसाने तीस वर्षं वे बिल भरलंय त्याला हे शिकायला दोन इनिंग पुरल्या.

फक्त एका ठिकाणी अडलं. बॅट फिरवून हुकलेला किंवा मारण्याजोगा असून सोडलेला बॉल म्हणजे स्ट्राइक, असे तीन झाले की आउट, त्या स्ट्राइकआउटला इंग्रजी के लिहितात. बॅट फिरवून हुकला तर सरळ के, आणि बॅट न हलवता नुसता बघत राहिला तर उलटा के, आरशातला. नानांना उलटा के काढायला जमेना, दर वेळी तिसऱ्याच अक्षरासारखा दिसायचा. मग त्यांनी स्वतःची पद्धत काढली. हुकला तर "हु". आणि नुसता बघत राहिला तर "ब.ब.". म्हणजे बघत बसला.

बारा_गावचं_पाणी
ब.ब. !!!!! हे आता आमच्याकडे लागू. आमच्या मॅनेजरच्या अप्रेझलमध्ये पण लिहितो.

पिवळा_डबा
रिक्षाचा रूट आणि ब.ब. दोन्हीला दंडवत _/\_

खडूस_काका
बरं, आता जरा रस यायला लागलाय. अंपायरच्या चुकीचं काय? इथे डीआरएस आहे का?

रेघोट्या
काका, आहे, आणि मेजर लीगच्या आधी इथेच आला. ट्रिपल-एच्या सगळ्या मैदानांवर २०२३ पासून टाकलेला बॉल स्ट्राइक की नाही ते कॅमेऱ्याने ठरवायचे प्रयोग चालू होते, आधी काही दिवस पूर्ण मशीन आणि काही दिवस अपील. शेवटी अपीलच ठेवलं. प्रत्येक टीमला दोन चॅलेंज, बरोबर निघालं तर शिल्लक राहतं. बॅटर, पिचर किंवा कॅचर या तिघांनीच मागायचं, डगआउटकडे (टीमच्या बाकाकडे) बघायचं नाही, लगेच डोक्यावर हात ठेवायचा. २०२६ पासून मेजर लीगनेही तेच घेतलं. पिच क्लॉक, म्हणजे पिचरने किती सेकंदात बॉल टाकायचा त्याचं घड्याळ, तेसुद्धा आधी मायनर लीगच्या पोरांवर करून बघितलं आणि मग २०२३ ला वर नेलं. थोडक्यात जे काही नवीन औषध असेल ते आधी यांना पाजायचं.

ओसरी
हो आणि ते डोक्यावर हात ठेवणं नानांना फार आवडायचं. बॅटरने हेल्मेटवर हात ठेवला की हे टोपीवर हात ठेवायचे, स्क्रीनवर ती चौकट आणि बॉलची रेघ येईपर्यंत अख्खं स्टेडियम ओऽऽऽ करायचं. डीआरएससारखी तिसऱ्या अंपायरची चहा पिऊन येण्याइतकी वाट बघायला लागत नाही, काही सेकंदांत निकाल. नाना घरीसुद्धा करायला लागले. मी भाजीत मीठ कमी नाही म्हटलं की डोक्यावर हात. चॅलेंज.

मिशिगनचा_म्हातारा
ओसरी ताई, तुमचे नाना आणि मी एकाच माळेचे. मी २००३ पासून लान्सिंगला आहे. आमच्या टीमचं नाव लगनट्स. गाडीच्या चाकाचे नट. इकडे मोटारींचे कारखाने म्हणून. मायनर लीगची नावं हा वेगळ्याच धाग्याचा विषय आहे. माँटगोमेरी बिस्किट्स, जॅक्सनव्हिल जंबो श्रिंप, रॉकेट सिटी ट्रॅश पांडाज, अमॅरिलो सॉड पूडल्स, हार्टफर्ड यार्ड गोट्स. आपल्याकडे टीमला रॉयल, किंग, सुपर लावल्याशिवाय जमत नाही, इथे कचरा चिवडणाऱ्या रॅकूनच्या नावाची टोपी घालून लोक अभिमानाने फिरतात. जाता जाता, त्या हार्टफर्डच्या मैदानावर २०१९ पासून शेंगदाणे विकत नाहीत, अ‍ॅलर्जीच्या पोरांना पण येता यावं म्हणून. बेसबॉल आणि शेंगदाणे नाहीत म्हणजे एसटी स्टँड आणि वडापाव नाही.

ओसरी
काका :) नाना हे वाचून "खरं हाय" म्हणाले. (मी त्यांना फोनवर वाचून दाखवते, ते ऑक्टोबरमध्ये परत गेले.)

आता झेब्युलॉनचं लिहिते कारण माझ्यासाठी खरा सीझन तिथेच झाला.

झेब्युलॉन म्हणजे रालेच्या पूर्वेला, ६४ नंबरच्या हायवेने, शेतं सुरू होतात तिथलं गाव. फाइव्ह काउंटी स्टेडियम, १९९१ चं. डरहमसारखा झगमगाट नाही, आजूबाजूला रेस्टॉरंटं नाहीत, पार्किंगमधून उतरलं की गवताचा वास येतो. पब्लिकही वेगळं, शेतकरी टोप्या, चर्चचे ग्रुप, लिटल लीगची पोरं हातमोजे घालून फाउल बॉलची वाट बघत. नाना पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले हां, ही खरी जत्रा.

आणि खेळाडू म्हणजे अक्षरशः पोरं. सीझनच्या सुरुवातीला तिथे हेसुस माडे होता, डॉमिनिकन रिपब्लिकचा शॉर्टस्टॉप, वय १७. मे मध्ये १८ चा झाला. याच मैदानावरून २०२२ ला जॅक्सन चुरिओ गेला, ज्याला ब्रुअर्सनी मेजर लीगमध्ये एकही मॅच खेळायच्या आधी आठ वर्षांचा ८२ मिलियनचा करार दिला. त्यामुळे माडेला बघायला कॅमेरे, रडार गन घेतलेले स्काउट (नवे खेळाडू हेरणारे), सगळे. पण नानांचं लक्ष कधीच हिऱ्यावर नसतं. त्यांनी एक कॅचर धरला. त्याचं नाव लिहीत नाही, प्रसिद्ध नाहीये तो आणि बिचाऱ्याचा सीझन पण फार काही नव्हता. नानांचं म्हणणं एवढंच की हा एकटा माणूस मैदानाकडे तोंड करून बसतो, बाकीचे सगळे त्याच्याकडे तोंड करून उभे, म्हणजे कंट्रोलर हाच.

जूनमध्ये एकदा आम्ही फार लवकर पोचलो. तो कॅचर जाळीजवळ पोरांना सह्या देत होता. नाना रांगेत उभे राहिले, सात-आठ वर्षांच्या पोरांच्या मागे, धोतर नाही पण पांढरा लेंगा, टोपी मडकॅट्सची. नंबर आल्यावर त्यांनी बॉल नाही, वही पुढे केली. पोराला आधी कळेना. मग नानांनी बोट ठेवून दाखवलं, हे तुझं नाव, २ नंबर, ही तुझी मागची मॅच. देवनागरीत त्याचं नाव. त्याने ग्लव्ह काखेत धरला आणि बोटाने ती अक्षरं वरच्या रेघेवरून हळूहळू गिरवली, डावीकडून उजवीकडे, जशी पोरं पाटीवर गिरवतात. त्याला इंग्रजी बेताचं, नानांना बेताचं. तो म्हणाला, मी? नाना म्हणाले, यू. मग त्याने पुढच्या चौकोनावर बोट ठेवून विचारलं हे काय, तिथे ब.ब. लिहिलेलं. तीन वेळा. आता याचं भाषांतर कसं करणार? नानांनी बॅट धरल्यासारखे हात केले, बॉल समोरून गेला तिकडे मान वळवली आणि तोंड उघडं ठेवून नुसते उभे राहिले.

तो पोरगा इतका हसला की मागच्या दोघांना बोलावून आणलं आणि नानांना परत करायला लावलं. मग वहीत सही करून खाली स्वतःच एक ब.ब. काढला, ब चं पोट उलट्या बाजूला.

पिवळा_डबा
डोळ्यासमोर आलं अगदी. नानांना नमस्कार सांगा.

टेकडीवरचा
वाचतोय. अवांतर: आपल्या भारतातले दोघं पण या मायनर लीगमध्ये होते ना? रिंकू सिंग आणि दिनेश पटेल.

रेघोट्या
होय. दोघं उत्तर प्रदेशचे, भालाफेकवाले, आयुष्यात बेसबॉल हातात धरला नव्हता. एका टीव्ही स्पर्धेतून निवडले आणि २००८ च्या नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी करार केला. २००९ ला गल्फ कोस्ट लीग या खालच्या पायरीच्या लीगमध्ये खेळले. पटेल लवकर परत गेला, रिंकू बरीच वर्षं टिकून राहिला आणि नंतर कुस्तीच्या शोमध्ये गेला. (क्रिकेटवाला रिंकू सिंग वेगळा, घोळ घालू नका.) आणि भारतीय वंशाचा म्हणाल तर कुमार रॉकर, आईकडून आंध्रचा, २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात) टेक्सास रेंजर्सनी तिसऱ्या नंबरला घेतला आणि सप्टेंबर २०२४ ला मेजर लीगमध्ये पहिली मॅच टाकली.

बारा_गावचं_पाणी
पाऊस आला की काय करता? आमच्याकडे ३ वेळा पोरांना घेऊन गेलो आणि ३ वेळा भिजून परत. पोरगी म्हणते बाबा तुम्ही मॅचला जाऊ नका, दुष्काळ असेल तिथे जा.

ओसरी
हाहा. पावसाचं ऐका. जुलैमध्ये झेब्युलॉनला चौथ्या इनिंगला धो धो. मैदानावर ती भली मोठी ताडपत्री ओढायला माणसं धावली आणि नाना मला कोपर मारून दाखवायला लागले, तो बघ मघाशी गेटवर तिकीट स्कॅन करणारा, ती बघ टोप्या विकणारी, तो तर ऑफिसात बसलेला टायवाला. छोट्या टीममध्ये असंच असतं, ताडपत्री सगळ्यांची. एक पोरगा घसरून तिच्याखाली गेला आणि पलीकडून बाहेर आला तर लोकांनी होमरनपेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या. नाना म्हणाले घाटात गाडी बंद पडली की साहेबसुद्धा उतरून धक्का मारतो. दीड तास बसलो. मॅच रद्द झाली. दुसऱ्या दिवशी एका तिकिटात दोन मॅच, अशा वेळी सात-सात इनिंगच्याच खेळवतात. नाना दोन्हीला हजर, मी दुसरीला पेंगले.

टेकडीवरचा
पावसात बसून राहणं आम्हाला शिकवू नका, आम्ही मुंबईच्या कांगा क्रिकेट लीगवाले. ती तर मुद्दाम पावसाळ्यातच खेळतात, १९४८ पासून.

मिशिगनचा_म्हातारा
बसून राहण्यावरून आठवलं. १९८१ ची पॉटकेट विरुद्ध रोचेस्टर. ट्रिपल-एचीच मॅच. १८ एप्रिलच्या रात्री सुरू झाली, ईस्टरची पहाट झाली तरी निकाल नाही. पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी थांबवली तेव्हा ३२ इनिंग झालेल्या आणि स्टेडियममध्ये १९ प्रेक्षक. थंडी इतकी की खेळाडू तुटलेल्या बॅटी जाळून शेकत होते. जूनमध्ये पुढे सुरू केली आणि ३३ व्या इनिंगला एका झटक्यात संपली. दोन्हीकडून एकेक पोरगा पुढे हॉल ऑफ फेमला गेला, वेड बॉग्ज आणि कॅल रिपकन. आता असं होणार नाही, २०१८ पासून मायनर लीगमध्ये जादा इनिंगला दुसऱ्या बेसवर फुकटचा माणूस उभा करतात.

खडूस_काका
फुकटचा माणूस हा नियम मला आवडला नाही. बाकी त्या १९ लोकांत मी असतो.

बारा_गावचं_पाणी
काका फुल्ल बाटलीत उतरले आहेत.

रेघोट्या
ओसरी, मडकॅट्सचा शेवटचा सीझन होता ना तो? तुम्ही त्याबद्दल लिहिलंच नाही.

ओसरी
लिहिणार होते, टाळत होते.

हो. २०२६ पासून टीम विल्सन गावाला, आणखी पूर्वेला, नव्या स्टेडियममध्ये. नाव पण नवीन, विल्सन वॉरबर्ड्स. मडकॅट्स हे नावच गेलं. कारण सगळ्यांना माहितीये, मेजर लीगने २०२१ ला सगळा कारभार हातात घेतला, १६० टीमच्या १२० केल्या आणि उरलेल्यांना मैदानाचे नियम घालून दिले, दिवे किती उजेडाचे, कपडे बदलायच्या खोल्या किती मोठ्या, बायकांच्या स्टाफसाठी वेगळी खोली, बॅटिंगच्या सरावाची जागा. यातलं चुकीचं काहीच नाही. पण १९९१ च्या स्टेडियमला ते सगळं करायचं म्हणजे पैसा, आणि पैसा ज्या गावाने काढला तिकडे टीम गेली. आमच्याच राज्यातल्या किन्स्टन गावची टीम पण तशीच गेली, २०२४ च्या सीझननंतर, साउथ कॅरोलायनात स्पार्टनबर्गला.

रेघोट्या
इथे माझं थोडं वेगळं मत. गळे काढायला आपण प्रेक्षक पहिले. पण ती पोरं मोडक्या खोल्यांत कपडे बदलत होती आणि रात्री बारा वाजता बसमध्ये बसून पहाटे पोचत होती, तेव्हा आपल्याला ते रोमँटिक वाटायचं. १६० च्या १२० करणं वाईटच, ज्या गावांची टीम गेली त्यांचं नुकसान खरं आहे. पण पगार, घर, मैदान ही सुधारणा पण खरी आहे.

ओसरी
मान्य. नानांनी मात्र दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि म्हणाले डेपो हलवला की पहिला चहावाला मरतो. झेब्युलॉनच्या गेटसमोर लिंबूपाणी विकणारं एक म्हातारं जोडपं असायचं, नाना त्यांच्याबद्दल बोलत होते. त्यांना विचारलं विल्सनला जाणार का, तर बाई म्हणाली आम्हाला रात्री गाडी चालवता येत नाही आता.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटच्या दिवसांत एकदा गेलो. लोक मैदानातली माती पिशव्यांत भरून नेत होते, एक बाई सीटच्या नंबरचा फोटो काढून रडत होती. नानांनी रडबिड काही केलं नाही, नेहमीप्रमाणे वही भरली. त्यांचा कॅचर अजून इथेच होता. माडे केव्हाच वर विस्कॉन्सिनला, ब्रुअर्सच्या हाय-ए टीममध्ये, गेलेला, बाकीचे चार-पाच जण पण. हा राहिला. नवव्या इनिंगला तो बॅटिंगला आला, दोन स्ट्राइक झाले, आणि आमच्या रांगेतले सगळे (तोपर्यंत सगळ्यांना ब.ब. माहिती झालं होतं, शिकवलं कोणी ते विचारू नका) श्वास धरून बसले. त्याने बॅट फिरवली. हुकला. आउट.

नाना उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मी म्हटलं नाना, आउट झालाय. म्हणाले, "व्हय, पण बघत न्हाई बसला."

पिवळा_डबा
आई गं.

मिशिगनचा_म्हातारा
🙏 काही लिहीत नाही.

टेकडीवरचा
पुढच्या वर्षी नाना येणार का? आणि तो कॅचर कुठे आहे आता?

ओसरी
नाना म्हणतात एप्रिलात बघू, गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय. तो कॅचर कुठे जातो ते मार्चच्या शेवटी कळेल. नानांनी माझ्याकडून फोनवर रेडिओचं अ‍ॅप टाकून घेतलंय, आमची संध्याकाळी सातची मॅच म्हणजे कराडला पहाटे साडेचार, ते तसेही काकड आरतीला उठतातच. वही मात्र इथेच ठेवून गेले. विल्सनला गेलीस तर मागच्या आठ पानांत भर, आणि उगाच इंग्रजी के काढू नकोस, असं बजावलंय.

खडूस_काका
ते सगळं ठीक. ब.ब. एकूण किती झाले?

ओसरी
आत्ताच मोजले काका. २१ मॅचमध्ये ९३. त्यातल्या ३४ ना नानांनी बाजूला छोटासा डोक्यावर हात काढलाय.